पटक्याची बाळोती

कुरकुंभ, माळावरची वस्ती
१९ जानेवारी १९९८, सोमवार

चि. सौ. सुषमा,

आशीर्वाद आधी हर्षीला, मग तुला. राग असला तरी घे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने माहेरी गेलीस, आज सोमवार. पाबळला सुखरूप पोचलो एवढंही कुणी कळवलं नाही. इथे वाण्याच्या दुकानात फोन आहे, माझ्या हनुमंताच्या कंपनीच्या गेटवर आहे. पण सासूला कोण विचारतंय! म्हणून मीच लिहायला बसले. माझा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तेव्हा मला मावशीकडे शाळेला ठेवायचा. चौथीपर्यंतच्या त्या शिक्षणावर हे अक्षर चाललंय. हसू नकोस.

बोरन्हाणाच्या दिवशी मी जे बोलले ते चार बायकांत बोलायला नको होतं, एवढं कबूल करते. बोलले ते खोटं होतं असं मात्र म्हणणार नाही. लेकराला बोरं-चुरमुऱ्यांनी न्हाऊ घालायचं म्हणून झबलं काढलं, तर मांड्या लालभडक. तीन आठवडे झाले होते. त्यात शेजारची सरूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आगं तानुबाई, बाळोती तर दुधावानी पांढरी, आन् पोरीचं आंग आसं कशानं?" आता मी काय सांगायचं? डॉक्टरचं मलम झालं, खोबरेल झालं, कपडे मी स्वतः धुते. मग राहिलं काय? आईचं दूधच की. म्हणून मी म्हटलं, "आईच्या दुधातच दोष हाय." तू वांगं सोडलंस, शेंगदाणे सोडलेस, मिरची सोडलीस. अजून काही सोडून बघ.

मुलगी झाली म्हणून सासूने तोंड वाकडं केलं, असं तुझ्या आईला वाटत असेल. तिला सांग, पाच महिने रोज बावीस बाळोती ह्या हातांनी धुतली आहेत. तोंड वाकडं केलेली बाई एवढं धूत नाही.

धुण्याचंही सांगून ठेवते. आधी नुसत्या पाण्यात घाण काढायची, साबण लगेच लावायचा नाही, डाग बसतो. मग भिजत घालायचं. मग दगडावर हलक्या हाताने चोळायचं आणि पाणी नितळ येईतो खळबळायचं. पिळा घट्ट द्यायचा नाही, बाळाच्या पोटात मुरडा येतो. तू शिकलेली आहेस, तुझा विश्वास नाही, तरी देऊ नकोस. उन्हात खणखणीत वाळवायचं आणि दिवेलागणीच्या आत वलणीवरून काढायचं. गाठोड्याच्या कोपऱ्यात मी सोड्याची पुडी बांधली आहे. भांडणात तू बघितली नसशील. कुठला सोडा म्हणून किती वेळा विचारलंस मला! दौंडच्या बाजारातला, सांगितलंच आहे. भिजवायच्या पाण्यात चिमूटभर टाक, डाग राहणार नाही.

आणि बाळोती जपून वापर. तुझ्या सासऱ्यांच्या दोन पटक्यांची आहेत ती. वीस वर्षं त्यांच्या डोक्याला असलेली मलमल, उन्हाने घामाने मऊ झालेली. असं कापड कुठल्या दुकानात मिळत नाही. माणूस गेलं, तेवढंच मागे राहिलं, म्हणून नातीला दिलं.

हर्षीचं अंग कसं आहे ते दोन ओळी लिहून कळव.

तुझी आत्या,
तानुबाई


कुरकुंभ
२८ जानेवारी १९९८, बुधवार

चि. सौ. सुषमा,

पत्राला उत्तर नाही. पोस्टमन भिमाजीला मी रस्त्यातच गाठते, "पाबळचं काय हाय का रं?" तो म्हणतो, "मावशी, पाबळ काय सातासमुद्रापल्याड हाय व्हय? येईल की." त्याचं बरंय, त्याला फक्त पत्र आणायचं असतं.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. ती सोड्याची पुडी वापरू नकोस. विशेष काही नाही. तुमच्याकडचं पाणी जड, त्या पाण्याला तो सोडा लागू पडत नाही, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हा ठेवून दे. नाहीतर नको, ठेवूही नकोस, टाकूनच दे. लांब टाक. कोंबड्यांच्या पायात येईल अशी टाकू नकोस. नंतर हात धू.

बाकी इकडे सगळं ठीक. सरूबाईच्या नातीच्या मांड्याही लाल झाल्या आहेत. हवाच तशी आहे म्हणायची. आपली बाळोती बघून तिने बोरन्हाणाच्या दिवशी माझ्याकडून सोडा मागून नेला होता, पण ते तेवढ्यापुरतं. मी तिला म्हटलं, तो सोडा जुना झालाय, फेकून दे. तिची सून तर काहीच सोडत नाही, वांग्याचं भरीत आणि ठेचा रोज हाणते. मी तिच्याकडे बघत बसले होते. सरूबाई म्हणाली, "काय गं, माझ्या सुनंचा घास मोजतीस व्हय?"

तर सांगायचं म्हणजे, तू वांगं खायला लाग. शेंगदाणेही खा. बाळंतिणीने एवढं सोडून कसं चालेल? दूध भरपूर येऊ दे.

हनुमंत दुसऱ्या पाळीला जातो. कंपनीतून सवयीप्रमाणे आंघोळ करून, कपडे बदलून येतो, आणि दारात पुन्हा हात धुतो. पाळणा रिकामा आहे हे त्याला हात धुऊन झाल्यावर आठवतं. मला ते बघवत नाही.

त्याच्याबरोबर जाऊन तुला घेऊन यावं असं मनात येतं. मग वाटतं, कुठल्या तोंडाने? म्हणजे बोरन्हाणाचंच म्हणते मी, दुसरं काही नाही.

हर्षीच्या मांड्यांचं कळव. सुकल्या का? पाणी सुटतं का? खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तानुबाई


कुरकुंभ
३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

सुषमा,

अजून काही नाही. पत्रं पोचतात की नाही हेच कळत नाही. बयाबाई विहीणबाई पत्र तुझ्या हातात देतात ना? की माझं अक्षर बघून चुलीत घालतात? तसं असेल तर, विहीणबाई, तुम्हीच वाचा, पण पुडीचं तेवढं लेकीला सांगा.

सरूबाईच्या नातीचं उतरलं. चार दिवसांत. मलम नाही, काही नाही. मी रोज जाऊन बघत होते. सरूबाईला वाटलं, मला तिच्या नातीचा फार लळा लागला.

दुसरं म्हणजे, ती बाळोती मला परत पाठवून दे. सगळी. एकही ठेवू नकोस. तुझ्या सासऱ्यांची आठवण आहे ती, मला माझ्या पेटीत हवीत. हे वाचायला कसं वाटेल ते मला कळतं. वाटू दे. हर्षीला दुसरी कर. तुझ्या आईचं जुनं लुगडं असेल, वडिलांचं धोतर असेल, ते फाड. आणि ते साध्या वडीच्या साबणाने धू, बाकी कशाने नको.

वलणीवर आता नुसता हनुमंताचा शर्ट असतो. बाहेर वारा सुटला की मी सवयीने उठते, बाळोती उडतील म्हणून, आणि दारापर्यंत जाऊन परत येते.

हाताने नीट लिहिता येत नाही. डाव्या दंडाला तवा लागला, फोड आलाय. उजव्याने लिहिते खरी, पण कागद धरायलाही हात लागतोच.

निळा ड्रम मी उपडा करून ठेवला आहे. हनुमंत विचारत होता, "आई, नळाला दोन दिसांनी पानी येतंय, आन् ड्रम उपडा कशापायी?" मी म्हटलं, "बुडाला भोक पडलंय." त्याने सुलटा करून बघितला. भोक नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी भाकरीचं पीठ मळायला बसले. सकाळीच भाकरी करून ठेवल्या होत्या, सुषमा. पुन्हा केल्या.

काहीतरी लिही गं.

तानुबाई


शिरूर, एस.टी. स्टँड
८ फेब्रुवारी १९९८, रविवार

सुषमा बाळ,

काल तुझं कार्ड आलं. भिमाजीने लांबूनच हात वर करून दाखवलं, मी चप्पल न घालता धावले. तिथेच रस्त्यात उभी राहून वाचलं. ते कार्ड आत्ता माझ्या पिशवीत आहे. पाठ झालंय, तरी उतरवून काढते, म्हणजे तुला कळेल मी काय वाचलं.

"आत्या, तुमची तिन्ही पत्रं मिळाली. बाळोती परत देणार नाही. मामंजींच्या पटक्याची आहेत, आणि हर्षी त्यांची नात आहे. पुडी मी पहिल्या पत्रापासून वापरते आहे. तुम्ही लिहिलंत की इथलं पाणी जड आहे, सोडा लागू पडत नाही, म्हणून चिमटीच्या जागी दोन चिमटी टाकते. तुम्ही चांगली वस्तू दिलीत आणि रागाने परत मागता, असं आईला वाटतं. मलाही वाटलं. हर्षीच्या मांड्या सोलल्या आहेत. मी आता नुसती भाकरी आणि मीठ खाते, तरी कमी नाही. तुम्ही म्हणालात तेच खरं असेल. सोमवारपासून तिचं दूध तोडते. बाटली आणली आहे."

सोमवार म्हणजे उद्या. पोस्टाने पत्र पोचायला दोन दिवस लागतात. म्हणून मीच निघाले आहे. पाबळची गाडी अजून लागली नाही, तेवढ्यात लिहून घेते. तुझ्यासमोर तोंडाने बोलायला लागले तर मी पुन्हा काहीतरी फिरवून बोलेन. मला माझी खोड माहीत झाली आहे. लिहिलेलं फिरवता येत नाही.

ऐक. तो सोडा दौंडच्या बाजारातला नव्हता. तो सोडाच नव्हता.

मार्गशीर्षात हनुमंताने पाणी साठवायला निळा ड्रम आणला, आठवतं? हायवेच्या कडेला केमिकल कंपन्यांचे जुने ड्रम विकतात, तिथून. वस्तीवर घरोघरी तसलेच ड्रम आहेत. कामावर जाताना तो मला बजावून गेला, "आई, ह्याला आत्ता हात लावू नगं. मी आल्यावर तीन येळा पानी भरून वतून देतो, मगच वापरायचा." तो गेल्यावर मी आत वाकून बघितलं. बुडाला पांढरा थर बसलेला, वाळलेला. त्याच सकाळी वस्तीवरची एक बाई वलणीखालून जाताना म्हणाली होती, "तानुबाईची बाळोती पिवळीच की गं." ते माझ्या डोक्यात होतं. मी उलथण्याने तो थर खरवडला, डब्यात भरला, आणि चिमूटभर बादलीत टाकून बघितला. डाग गेले. वलणीवर बावीस बाळोती अशी पांढरी दिसली की जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. जन्मभर धुणं धुतलं. लहानपणी ओढ्यात मेंढरं धुतली, लग्नानंतर हनुमंताची बाळोती वाटेत मिळेल त्या पाण्यात धुऊन घोड्याच्या बोज्यावर वाळवली. कुणी कधी चांगलं म्हटलं नाही. पहिल्यांदा म्हटलं, ते ह्या पुडीमुळे.

हनुमंत आल्यावर त्याने ड्रम तीन वेळा धुतला. त्याला वाटलं, झालं काम. डबा माझ्या फडताळात होता.

दौंडला डॉक्टरने तुझ्यासमोर विचारलं होतं, "बाळोती कशात धुता?" मी म्हटलं, "साध्या सोड्यात." तेव्हा मला खरंच संशय नव्हता, हर्षीची शपथ. पण कंपनीच्या ड्रमातला म्हणायची लाज वाटली. डॉक्टर म्हणेल, काय ही गावंढळ बाई. तेवढ्या लाजेपायी पोरीला आणखी दीड महिना सोसावं लागलं.

सरूबाईच्या नातीला झालं तेव्हा मला पहिल्यांदा त्या डब्याचा संशय आला. मी माझ्या लुगड्याचा तुकडा त्या पुडीच्या पाण्यात भिजवून वाळवला, मग ओला करून डाव्या दंडाला बांधला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. सोडला तेव्हा हर्षीच्या मांडीचा रंग माझ्या दंडावर होता. तवा लागला नव्हता. माझं कातडं उन्हातान्हात रापलेलं, तरी फोड आला. तिचं तर पाच महिन्यांचं.

म्हणजे दुसरं पत्र लिहिताना मला कळलेलं होतं. तरी मी पाण्याचं कारण पुढे केलं. तुझी आई वाचेल, तुझे वडील गावात सांगतील, तानुबाईने नातीला कंपनीचं औषध लावलं म्हणतील, ह्याची भीती वाटली. हर्षीच्या अंगापेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं. आणि माझ्या त्या लबाडीने तू दोन चिमटी टाकायला लागलीस. हे कार्डावर वाचलं तेव्हा मी रस्त्यातच खाली बसले. भिमाजी म्हणाला, "मावशी, कोन गेलं का काय?"

तुझ्या दुधात दोष नाही. नव्हता. चौघींसमोर बोलले होते, म्हणून काल संध्याकाळी सरूबाईच्या ओट्यावर त्याच चौघींना बोलावलं आणि डबा मध्ये ठेवून सगळं सांगितलं. एक हसली. सरूबाईने डब्याचं झाकण उघडून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नातीला बी तूच दिलंस की गं." मी म्हटलं, व्हय. ती उठून आत गेली. आता ती माझ्याशी बोलते की नाही ते बघायचं.

हनुमंतालाही सांगितलं. त्याच्यावर रागवू नकोस, त्याने बजावलं होतं. पहार आणून त्याने ड्रमला खरोखर भोक पाडलं, एक नाही, पाच-सहा. मग म्हणाला, "आई, मी रोज कंपनीत आंघूळ करतो. कपडे तिथंच काढतो. घरात आल्यावर पुन्यांदा हात धुतो, मगच पोरीला घेतो. आन् तू ते घरात घेतलंस?" एवढंच. पोटचा पोरगा, पण त्याच्याकडे माझ्याने बघवलं नाही. त्या पुडीत नक्की काय होतं ते त्यालाही ठाऊक नाही, ड्रमवरची चिठ्ठी निघालेली होती. डबा त्याने कंपनीतल्या साहेबांना दाखवायला ठेवून घेतला आहे. तो माझ्याबरोबर येतो म्हणत होता. मी नको म्हटलं. आधी मला एकटीला येऊ दे.

आता काय करायचं ते. पुडी उरली असेल तर हात लावू नकोस, मी उचलते. हर्षीला आधी साध्या कोमट पाण्याने धू आणि नुसती उघडी ठेव. आजच डॉक्टरकडे ने आणि कंपनीच्या ड्रमातलं होतं असं स्पष्ट सांग. तुला सांगवलं नाही तर मी सांगते. दूध तोडू नकोस. पोटभर जेव, आणि तिला पाज.

ती बावीस बाळोती टाकून दे. सासऱ्यांची आठवण म्हणून एकही ठेवू नकोस. कोकरू गारठलं तर हा माणूस डोक्याचा पटका सोडून त्यात गुंडाळायचा आणि स्वतः बोडक्याने चालायचा. त्यांच्या कापडाने लेकराला इजा होते म्हटल्यावर त्यांनीच ते आधी फेकलं असतं.

गाठोड्यात तीस नवी आणली आहेत. माझी दोन जुनी लुगडी फाडून केली. हनुमंताने दुकानातून वडीचा साबण आणला, त्यानेच पाणी भरलं, मी त्याच्यासमोर धुतली. पाच पाण्यांतून काढली. त्यातलं एक ओलं करून काल दिवसभर उजव्या दंडाला बांधलं होतं. काही उठलं नाही. दोन्ही दंड तुला दाखवते, मग ठरव वापरायची की नाही. माझ्या शब्दावर घेऊ नकोस.

गाडी लागली. उरलेलं पाबळला लिहिते.


पाबळ, तुमच्या दारात

कागद तुझ्या आईच्या हातात देते आहे. त्यांनी आत या म्हटलं, मी नाही म्हटलं. तू हे वाचेपर्यंत मी बाहेर धुण्याच्या दगडापाशी बसते.

आतून हर्षीचं रडणं ऐकू येतंय. मला तिला घेऊ दे असं मी म्हणणार नाही. तुला वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नाही.

तिचं आजचं धुणं असेल तर बाहेर टाक. मी धुते. साबण मात्र तुझ्या घरचा दे, आणि मी धूत असताना तू समोर बस.